चौऱ्याऐंशी वर्षांचे घर

विलायतेहून परत आलेल्या माणसाला पूर्वी तीन प्रश्न ठरलेले असत. थंडी सोसली का, जेवणाचे हाल झाले का, आणि राणीचा वाडा पाहिला का? आता या तिन्हींच्या आधी चौथाच प्रश्न येतो. २०२३ च्या ऑगस्टात आम्ही उभयता लंडनहून पुण्याला परतलो, तेव्हा टॅक्सीतून बॅगा उतरायच्या आतच पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारले, "काय हो, मुलाने तिकडे घर घेतले ना?"

मी आधी होय म्हणालो, मग नाही म्हणालो, आणि शेवटी "बघू" म्हणून जिना चढू लागलो. "प्रवासाचा शीण आहे," असे सांगून आमच्या सौभाग्यवतींनी वेळ मारून नेली. पण तो शीण नव्हता. घर ठरले होते, पण घेतले नव्हते. शिवाय ते घेतल्यावरसुद्धा आपले म्हणायचे की नाही, याबद्दल माझे मन साफ नव्हते. वाचकहो, मी बत्तीस वर्षे भूमी अभिलेखाच्या कचेरीत काढली आहेत. सातबारा, फेरफार, मोजणी, हद्दीच्या खुणा यांतच माझा जन्म गेला. जमीन म्हणजे काय आणि मालक म्हणजे कोण, हे मला तरी कोणी शिकवू नये असा माझा समज होता. तो हॅरोमध्ये उतरला.

हॅरो हे लंडनच्या वायव्येकडचे उपनगर. चिरंजीव आणि सूनबाई तिथे सात वर्षे भाड्याने राहत होती. मेट्रोपोलिटन रेल्वेने आपल्या रुळांच्या दुतर्फा वस्ती वसवली आणि तिला 'मेट्रोलँड' असे गोंडस नाव दिले. १९१९ साली तर घरांच्या धंद्यासाठी या रेल्वेवाल्यांच्या आश्रयाने वेगळी कंपनीच निघाली. आधी घर घ्यावे आणि मग गाडीचा त्रास सोसावा ही आपली डोंबिवलीची रीत. इथे गाडीवाल्यांनीच घरे विकली! एका भिंतीला चिकटलेली दोन दोन जुळी घरे, पुढे टीचभर बाग, मागे लांबट परसू. रस्तेच्या रस्ते असे. संध्याकाळी फिरायला गेलो की मी घरांपेक्षा त्यांच्यापुढच्या पाट्याच पाहत असे. 'विकणे आहे' आणि 'विकले' हे मला समजे, पण पुष्कळ पाट्यांवर 'विकले, कराराच्या अधीन' असे असे. म्हणजे विकले की नाही?

"नाही विकलेलं, बाबा," चिरंजीव म्हणाले. "सौदा ठरलाय. पण करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतो."

"आणि विसार?"

"विसार अदलाबदलीच्या दिवशी. दहा टक्के. तोपर्यंत एक पैसाही नाही."

आपल्याकडे विसारपावती फाडली की निदान माणूस बांधला जातो. इथे खरेदीदार तीन-चार महिने वकिलावर, सर्वेक्षकावर आणि बँकेच्या मूल्यमापनावर पैसे खर्चतो, आणि शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याला कोणी पाच हजार जास्त देऊ केले तर तो हसत हसत फिरतो. त्या प्रकाराला त्यांच्या भाषेत 'गझम्पिंग' असे खास नाव आहे. ज्या गोष्टीला भाषेत स्वतंत्र शब्द असतो ती त्या देशात नेहमीची असते, हे ओळखून मी गप्प बसलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही नऊ घरे पाहिली. आठांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ओल, बुरशी, आणि 'दुसरी खोली' म्हणून दाखवलेले एक कपाट. नववे मात्र पाहताक्षणी आवडले. तीन मजल्यांची विटांची इमारत, मधल्या मजल्यावर दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, आणि पूर्वेकडे खिडकी. सौभाग्यवतींनी खिडकीखालच्या जागेकडे बोट करून "देव इथे" असे मला हळूच सांगितले. म्हणजे त्यांच्या बाजूने खरेदी पूर्ण झाली होती. किंमत तीन लाख चाळीस हजार पौंड. त्या वेळच्या भावाने साडेतीन कोटी रुपयांच्या वर.

मी दलालाच्या पोराला, वय असेल बावीस-तेवीस, माझा ठरलेला प्रश्न विचारला. "जमीन किती येते वाट्याला?"

तो गोंधळला. मग मोठ्या उमेदीने म्हणाला, "पट्ट्याची चौऱ्याऐंशी वर्षे शिल्लक आहेत."

माझ्या पायाखालची तीसुद्धा सरकली.

प्रकार असा, की इंग्लंडात फ्लॅट विकत घेतो म्हणणारा माणूस बहुधा फ्लॅट विकत घेतच नाही. तो ठराविक वर्षे त्यात राहण्याचा हक्क घेतो. ही इमारत १९८२ सालची, पट्टा १२५ वर्षांचा, म्हणजे २१०७ पर्यंत. इमारत आणि जमीन यांचा मालक दुसराच. त्याला वर्षाला जमीनभाडे द्यायचे, इमारतीच्या देखभालीचा खर्च वेगळा. स्वयंपाकघराची भिंत पाडायची तर त्याला विचारायचे. कित्येक पट्ट्यांत कुत्रा पाळण्यालाही त्याची परवानगी लागते. २१०७ साली काही न केल्यास घर त्याचे.

"मग हे साडेतीन कोटी भाडेच की!" मी म्हणालो.

"सगळं लंडन असंच आहे, बाबा."

हे मात्र खरे निघाले. १६७७ साली मेरी डेव्हिस नावाच्या बारा वर्षांच्या मुलीचे सर टॉमस ग्रोव्हनरशी लग्न झाले. लग्नात तिच्याबरोबर शहराच्या पश्चिमेची सुमारे पाचशे एकर दलदल आणि कुरणे आली. आजचे मेफेअर आणि बेलग्रेव्हिया म्हणजे ती कुरणे. त्या घराण्याने जमीन फारशी विकली नाही, पट्ट्याने दिली. अमेरिकेने ग्रोव्हनर चौकात आपली टोलेजंग वकिलात बांधली, तिच्याखालची जमीनसुद्धा ९९९ वर्षांच्या पट्ट्याचीच होती. अमेरिकेचे जिथे चालले नाही, तिथे आमच्या चिरंजीवांचे काय चालणार?

शिवाय आपल्या घरीच काय वेगळे आहे? मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या आणि सरकारच्या पट्ट्यांवर किती इमारती उभ्या आहेत ते आम्हा कचेरीतल्या लोकांना ठाऊक असते. आणि खुद्द मुंबई! पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या तहात हे बेट दुसऱ्या चार्ल्सकडे आले, आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. भाडे वर्षाला १० पौंड, सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. सनदेत मुंबई ही ग्रीनिचच्या शाही जहागिरीचा भाग धरली आहे. एका रविवारी आम्ही ग्रीनिचला गेलो. लोक तिथे शून्य रेखांशावर दोन पाय फाकून फोटो काढत होते. मी टेकडीवर उभा राहून कुलाब्यापासून माहीमपर्यंतची जमीन मनातल्या मनात त्या हिरवळीला जोडून पाहिली. आमच्या फ्लॅटचे जमीनभाडे वर्षाला १०० पौंड होते. सबंध मुंबईच्या दहापट!

पण मग फ्लॅट थेट विकत का नाहीत? याचे उत्तर मला चिरंजीवांच्या वकीणबाईंनी दिले. नैरोबीहून आलेल्या गुजराती कुटुंबातल्या बाई, बोलायला चोख. त्या म्हणाल्या, इंग्रजी कायद्यात पूर्ण मालकीच्या जमिनीवर 'अमुक करू नये' असे बंधन घातले तर ते पुढच्या मालकावरही चालते, पण 'अमुक करावे, खर्च द्यावा' असे बंधन चालत नाही. वरच्याने छप्पर दुरुस्त करावे असे आज लिहून घेतले आणि उद्या त्याने घर विकले, तर नवा मालक हात वर करतो. पट्ट्यात मात्र असे बंधन पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून एकावर एक घरे आली की पट्टा आला. आपल्या सहकारी गृहसंस्थेसारखी एक पद्धत त्यांनीही २००२ च्या कायद्याने काढली, पण तिच्याकडे बिल्डर फारसे फिरकले नाहीत. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण एकमेकांच्या अंगावर धावून जातो खरे, पण त्या सभेची किंमत मला हॅरोमध्ये कळली.

"चौऱ्याऐंशी पुरेत," बाई म्हणाल्या. "ऐंशीच्या खाली जाऊ देऊ नका." ऐंशीच्या आत शिरलेल्या पट्ट्याची मुदत वाढवून घेताना, त्या वाढीने घराची जी किंमत वाढते तिचा निम्मा हिस्सा जमीनमालकाला द्यावा लागतो. मुदतवाढीचा हक्क १९९३ च्या कायद्याने आहे, आणखी नव्वद वर्षे मिळतात आणि जमीनभाडे बंद होते; पण त्यासाठी तेव्हा घर आधी दोन वर्षे नावावर असावे लागे. म्हणजे हाताशी वेळ होता, पण ऐसपैस नव्हता.

माझ्या व्यवसायाला धरून मी त्यांच्याकडे नोंदीचा नकाशाही मागितला. तीन पौंडांत कोणाच्याही घराचा उतारा तेव्हा तिथे घरबसल्या मिळे, हे फार चांगले. पण नकाशावर एक लाल रेघ, आणि खाली तळटीप, की ही हद्द साधारण समजावी. साधारण! याच लोकांच्या गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी १८३५ च्या सुमारास आमच्या इंदापूर तालुक्यात शेत न्‌ शेत मोजायला काढले, आणि तिथून सबंध मुंबई इलाख्याची मोजणी उभी राहिली. आणि यांच्या स्वतःच्या देशात प्रत्येक जमीनविक्रीची नोंदणी सगळीकडे सक्तीची झाली ती १९९० च्या डिसेंबरात! सारा दुसऱ्याकडून घ्यायचा असला म्हणजे साखळी अचूक पडते.

त्याच सुमारास आम्ही आणखी दोन घरे पाहून आलो. ती विकाऊ नव्हती. हायगेटमधले ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू हे श्यामजी कृष्णवर्म्यांनी विकत घेऊन १९०५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी उघडलेले इंडिया हाउस. सावरकर तिथे राहत. परकी माणसाने इंग्लंडात जमीन धारण करण्यावरचा जुना निर्बंध १८७० सालीच उठला होता. कायद्याने घर घेतले आणि त्यात राजद्रोह मांडला. दुसरे, प्रिमरोज हिलजवळचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली डॉ. आंबेडकर तिथे राहत असत. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते तीस लाखांहून अधिक पौंडांना विकत घेतले. पण विकत घेतले म्हणून स्मारक करता येते असे नाही. राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅम्डेनच्या नगरपालिकेने २०१८ साली परवानगी नाकारली. अपील झाले, आणि २०२० च्या मार्चमध्ये मंत्र्याकडून मान्यता आली. त्या घराच्या पायरीशी सौभाग्यवतींनी नमस्कार केला. मी विचार करीत होतो की एवढ्या राज्य शासनाला पाच वर्षे लागली, तर आपण कोण?

आता मूळ गोष्टीकडे येतो.

घराची रक्कम उभी करण्याचा हिशेब असा होता. बँक पंच्याऐंशी टक्के देणार. उरलेल्या ५१ हजार पौंडांपैकी ३० हजार मुलाने साठवले होते. २१ हजार आम्ही देणार, म्हणजे सुमारे २२ लाख रुपये. गुहागरकडची आमच्या हिश्श्याची बाग विकून आलेले पैसे होते, आणि ते मुलाच्या घरात जावेत हे आम्ही केव्हाच ठरवले होते. पूर्वी लोक खिशात आठ डॉलर घेऊन परदेशी जात. आता रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवू देते. अडचण तिथे नव्हती. अडचण एवढीच, की १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांवरच्या रकमेला पाचाऐवजी वीस टक्के कर उगमापाशी कापला जाणार होता. तो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोपर्यंत अडकतो. तेव्हा पैसे सप्टेंबरात, निम्मे माझ्या आणि निम्मे सौभाग्यवतींच्या खात्यातून पाठवायचे ठरले.

तेवढ्यात कागद आले. पहिला चिरंजीवांच्या बँकेचा. त्यावर मी सही करायची होती, की ही रक्कम निखळ भेट आहे, ती परत मागणार नाही, आणि या घरात माझा कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध नाही व पुढेही राहणार नाही. बँकेच्या दृष्टीने ते योग्यच. उद्या हप्ते थकले तर म्हाताऱ्याने हिस्सा सांगत उभे राहू नये. मी सही केली. पेन मात्र दोनदा उचलले.

दुसरा कागद वकीणबाईंचा, प्रश्नावलीचा. त्यात एक प्रश्न होता: जगात कुठेही राहत्या घरात आपला हिस्सा आहे किंवा पूर्वी होता काय?

चिरंजीव "नाही" लिहिणार होते. मी म्हणालो, "थांब."

आमचा पुण्याचा फ्लॅट २००६ साली घेतला तेव्हा हा कॉलेजात होता. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाण्याच्या आदल्या रात्री मीच हौसेने त्याचे नाव घालायचे ठरवले. निम्मे माझे, निम्मे त्याचे. आपल्यामागे वारसाच्या नोंदीसाठी पोराला खेटे पडू नयेत, हा त्यात कचेरीतल्या माणसाचा धूर्तपणा. आणि करारनाम्यावर बापलेकांची नावे एका ओळीत दिसावीत, ही हौस. त्या हौसेचा दर आता कळला. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला तेव्हा सव्वाचार लाख पौंडांपर्यंत मुद्रांककर नव्हता. तो सूट गमावणार. वर, जगात कुठेही चाळीस हजार पौंडांहून अधिक किमतीचा दुसऱ्या घराचा हिस्सा असेल तर सबंध किमतीवर तेव्हा तीन टक्के जादा. शून्याच्या जागी १४,७०० पौंड. रुपयांत पंधरा लाखांच्या वर.

"आणि न लिहिलं तर?" सूनबाईंनी भीत भीत विचारले. वकीणबाईंनी नुसते चष्म्यावरून पाहिले.

वाट एकच होती. खरेदी पूर्ण व्हायच्या आत चिरंजीवांनी पुण्याच्या घरातला हिस्सा सोडायचा. पहिलटकराची सूट गेली ती गेलीच, कारण 'पूर्वी होता काय' याचे उत्तर कशानेही बदलत नाही. पण जादा तीन टक्के वाचतील. १४,७०० चे ४,५०० होतील.

त्या रात्री कोणीच नीट जेवले नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, राहू दे. मी जास्त कर भरतो. नाव काढायचं नाही."

"कशातून भरतोस?" मी विचारले. त्याला उत्तर नव्हते. १०,२०० पौंड हे त्यांचे जवळजवळ सगळे उरलेसुरले होते.

सौभाग्यवती भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "म्हणजे अहो, तिकडच्या घरात तुमचा हक्क नाही असं तुम्ही लिहून दिलंत, आणि इकडच्या घरात त्याचा नाही असं तो लिहून देणार. कुणी बाहेरच्यानं हे कागद वाचले तर म्हणेल, बापलेकांचं वैर आहे."

चिरंजीवांना रजा नव्हती. त्यांनी हायकमिशनकडून साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठवले, आईच्या नावे. म्हणून सप्टेंबरात हक्कसोडपत्राला लिहून देणार म्हणून सौभाग्यवती आणि लिहून घेणार म्हणून मी, असे आम्ही दोघे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत समोरासमोर बसलो. मला त्या कचेरीतले दोघेतिघे ओळखत. एकाने चहा मागवला आणि दबल्या आवाजात विचारले, "साहेब, घरात काही...?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे. त्यानं घर घेतलंय." तो आणखीच गोंधळला. कॅमेऱ्यापुढे बसताना सौभाग्यवतींनी पदर सारखा केला. अंगठा यंत्रावर तीनदा उमटला नाही. चौथ्या वेळी उमटला. बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला त्याला घरात घेताना कागद बघणार का हो?"

पैसे २६ सप्टेंबरला गेले. करारपत्रांची अदलाबदल ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. विकणारा फिरला नाही. तिकडे किल्ली बहुधा शुक्रवारी देतात. १० नोव्हेंबर २०२३ हा शुक्रवार होता आणि आपली धनत्रयोदशी. वकीणबाईंनी तारीख मुद्दाम निवडली होती की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. रविवारी लक्ष्मीपूजन पूर्वेच्या खिडकीखाली झाले. आम्ही फोनच्या पडद्यावरून पाहिले. फर्निचर काहीच नव्हते. खोक्यावर तबक, तबकात किल्ली. उदबत्ती लावताच छताला बसवलेले धुराचे यंत्र ठणाणा करू लागले आणि सूनबाई स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालू लागल्या. आरती तशीच झाली.

३१ जानेवारी २०२५ पासून दोन वर्षे थांबण्याची अट गेली. चिरंजीवांनी लगेच मुदतवाढीचा अर्ज केला. ती झाली म्हणजे पट्टा २१९७ पर्यंत जाईल. २०२४ च्या नव्या कायद्यात तर वाढ ९९० वर्षांची ठरली आहे, पण तिची कलमे टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत, आणि तेवढे थांबायला आमच्याकडे ऐंशीच्या वरची दोनच वर्षे शिल्लक होती.

पुण्याच्या दारावर आमची पितळी पाटी आहे. २००६ साली तुळशीबागेतून करून आणलेली, वर माझे नाव, खाली त्याचे. सोसायटीच्या चिटणिसांनी नवी शेअर सर्टिफिकेटे देताना सुचवले की नोंदीप्रमाणे पाटीही बदलावी. परवा चिरंजीवांनी फोनवर विचारले, "बाबा, पाटी बदलली का?"

मी सांगितले, "स्क्रू गंजलेत. निघत नाहीत."

"ते तर पितळेचे आहेत, बाबा."

सौभाग्यवतींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगायला सुरुवात केली.